मदत हवी आहे: टेक्ससमध्ये मतदान केंद्राबाहेरच्या प्रचाराच्या पाट्या काढून टाकल्या

ओळखीतल्या एक बाई स्कूल बोर्डासाठी, म्हणजे इथल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळासाठी उभ्या आहेत. मी त्यांची स्वयंसेवक, म्हणजे पाट्या ठोकणारी. सोमवारी अर्ली व्होटिंग (निवडणुकीच्या दिवसाआधीचं मतदान) सुरू झालं, केंद्र शहराच्या लायब्ररीत आहे. सकाळी जाऊन समोरच्या हिरवळीवर सहा पाट्या लावल्या. केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचार नको हा नियम ठाऊक होता, म्हणून नवऱ्याची टेप नेली आणि पुढच्या दारापासून मोजलं. सगळ्यात जवळची पाटी १३० फुटांवर. दुपारी जाते तर एकही जागेवर नाही!

इमारतीची देखभाल करणारा माणूस म्हणाला, हिरवळीवर पाटी चालत नाही, शहराचा नियम आहे. कुठे लिहिलाय विचारलं तर खांदे उडवले.

राज्याचा कायदा शंभर फुटांपलीकडे अडवत नसेल, तर शहर मध्ये पडू शकतं का? आणि बाईंच्या नावाचा टी-शर्ट घालून मी मत द्यायला गेले तर?

प्रतिसाद: जुना_झेंडेवाला

आधी टी-शर्टचं. घालू नका. मतपत्रिकेवर असलेल्या उमेदवाराचं, पक्षाचं किंवा प्रस्तावाचं चिन्ह अंगावर घेऊन शंभर फुटांच्या आत जाणं हा गुन्हा आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मिनेसोटा राज्याचा मतदान केंद्रातल्या कपड्यांचा नियम रद्द केला, तो दाखला लोक देतात. पण तिथे नुसतं 'राजकीय' काहीही नको असं मोघम लिहिलं होतं. टेक्ससचा नियम नेमका आहे.

आता पाट्या. निवडणूक कायद्याचं कलम ६१.००३ वाचा, आणि अर्ली व्होटिंगसाठी ८५.०३६. सार्वजनिक इमारत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना शंभर फुटांबाहेरच्या आवारात प्रचाराला सरसकट बंदी घालता येत नाही. पण वेळ, जागा आणि पद्धत यांबद्दल वाजवी नियम करता येतात. सगळी मेख त्या 'वाजवी'त आहे. हिरवळीवर नको पण पार्किंगच्या कडेला लावा, हे बहुतेक चालून जाईल. आवारात कुठेच नको म्हणाले तर चालणार नाही.

त्या माणसाशी वाद घालू नका. सिटी सेक्रेटरीकडे, म्हणजे शहराची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन लेखी नियम मागा. 'का काढल्या' असं विचारू नका, 'कुठे लावू' असं विचारा. काम लवकर होतं, अनुभव आहे.

प्रतिसाद: माळावरची

ताई, मोजलंत ते नुसतं पुढच्या दारापासून ना? मतदार ज्या ज्या बाहेरच्या दाराने आत येऊ शकतो, त्या प्रत्येकापासून शंभर फूट धरतात. लायब्ररीला पार्किंगच्या बाजूने दुसरं दार असतंच. अंतर दाखवणारा फलक लावलेला असतो, तो शोधा.

आणि रागाच्या भरात रस्त्याकडेच्या गवतात पाट्या खोचू नका. तो पट्टा राइट ऑफ वे, म्हणजे रस्त्याच्याच हद्दीतली सरकारी जागा, तिथे राज्याचा कायदाच आडवा येतो. तुमच्याच पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात ते छापलेलं असेल, बघा.

धागाकर्ती

खरंच छापलंय! आठवडाभर त्या पाट्या घेऊन फिरतेय, कधी वाचलं नव्हतं. बाजूचं दारही आहे, आणि तिथून एक पाटी ९० फुटांवर भरली. म्हणजे एक तरी चूक माझीच.

सिटी सेक्रेटरीच्या ऑफिसात दोन पानी नियम मिळाले. मागच्या निवडणुकीत कुणीतरी लाकडी खुंटी ठोकून स्प्रिंकलरचा पाइप फोडला होता म्हणे, तेव्हापासून हिरवळ बंद. पार्किंगलगतच्या खडीच्या पट्ट्यात तारेच्या स्टँडवर चालतात, केंद्र बंद झाल्यावर रोज काढायच्या. मला तरी हे वाजवी वाटतं. न कळवता पाट्या उचलायची पद्धत मात्र वाजवी नाही.

पाट्या मागच्या खोलीत होत्या. सहापैकी पाच मिळाल्या. सहावी पार्किंगमध्ये दिसली, कुणीतरी उन्हासाठी गाडीच्या काचेला आतून लावली होती. गाडी दारापासून किती फुटांवर आहे ते मोजलं नाही.