बोनफिशचे फ्लाय : यूव्ही रेझीन डोळ्यांखाली कच्चे राहते, मदत हवी आहे

नमस्कार. मी दक्षिण फ्लोरिडात राहते. बिस्केन बे आणि फ्लोरिडा कीज येथील उथळ पाण्यात मी बोनफिश या माशासाठी फ्लाय-फिशिंग करते आणि त्यासाठी लागणारे फ्लाय, म्हणजे गळावर दोरा, केस आणि चमकी बांधून केलेली खोटी आमिषे, घरीच बांधते. येथे कोणी खाऱ्या पाण्याचे फ्लाय बांधत असेल, किंवा प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझीनशी कोणाचा अन्य कामातून संबंध येत असेल, तर पुढील अडचणीत मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. बोनफिश भरतीच्या पाण्याबरोबर समुद्रगवताच्या आणि वाळूच्या उथळ पट्ट्यांवर चढतो आणि तळातील कोळंबी, लहान खेकडे, शिंपले उकरून खातो. त्याच्या टाळूवर आणि जिभेच्या बुडाशी कवच फोडणारे गोलसर दात असतात, त्यामुळे नुसत्या दोऱ्याने बांधलेला फ्लाय फार काळ टिकत नाही. पूर्वी यावर दोन भाग मिसळून करायचे इपॉक्सी लावत, पण ते घट्ट होईपर्यंत फ्लाय सतत फिरवत ठेवावा लागे, नाहीतर थेंब एका बाजूला ओघळत असे. यूव्ही (अतिनील) प्रकाशाने घट्ट होणारे रेझीन आल्यापासून ही यातायात संपली, कारण ते सुईने हवे तसे बसवून मग यूव्ही टॉर्चचा प्रकाश दिला की काम होते. निदान तसे व्हायला हवे.

मी बहुतेक वेळा क्रेझी चार्ली बांधते. बॉब नॉहाइम यांचा हा फ्लाय १९७७ सालचा, बहामाजमधील अँड्रॉस बेटावरचा, आणि तेथील गाइड चार्ली स्मिथ यांच्या नावाने तो ओळखला जातो. जुन्या पद्धतीत टिन्सलच्या (चकचकीत पट्टीच्या) अंगावर पारदर्शक नायलॉनचे वेढे देतात. मी त्याऐवजी मोतिया टिन्सलवर रेझीनचा थर देते, कारण त्यातून टिन्सलची चमक खोल दिसते आणि अंग गुळगुळीत राहते. गळ स्टेनलेस स्टीलचा, ४ किंवा ६ क्रमांकाचा असतो. डोळे मणी-साखळीचे दोन मणी कापून केलेले असतात. ते गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन बांधले, की त्यांच्या वजनाने फ्लाय पाण्यात उलटा होतो आणि टोक वर राहून गवतात अडकत नाही.

अडचण नेमकी या डोळ्यांपाशी आहे. टॉर्च दिल्यावर डोळ्यांभोवतीचे रेझीन वरून काचेसारखे कडक दिसते, परंतु काही मासे लागून गेल्यावर, कधी कधी तर खडकावर एकदा आपटल्यावरही, डोळे दांडीभोवती फिरू लागतात. डोळे फिरले की फ्लाय कुशीवर पडतो आणि पुढच्याच फेकीला टोकाला गवताचा झुबका येतो. असा एक फ्लाय मी ब्लेडने उभा चिरून पाहिला. वरचा थर कडक होता, पण मण्यांच्या खाली, वेढ्यांच्या फटीत, रेझीन अजून ओले होते आणि सुई लावताच त्याची तार निघाली. दुसरी तक्रार अंगाच्या थराची आहे : तो कडक होतो, पण त्यावर एक चिकट पापुद्रा राहतो आणि पंखासाठी घेतलेले केस त्याला जागोजागी चिकटून बसतात.

टॉर्चवर प्रकाशाची तरंगलांबी ३९५ नॅनोमीटर अशी लिहिली आहे आणि रेझीनच्या बाटलीवर ३६५ ते ४०५ नॅनोमीटर, म्हणजे दोन्ही जुळायला हवेत. बॅटरी नवी घालून पाहिली, प्रकाशाची वेळ वाढवली, फ्लाय भर उन्हातही ठेवून पाहिले. अंगाचा चिकटपणा थोडा कमी झाला, पण डोळ्यांखाली फरक पडला नाही. डोक्यावर रेझीनचा मोठा गोळा ठेवून डोळे जखडावेत, असे काही जण सुचवतात. ते मला पटत नाही, कारण जेमतेम घोट्याएवढ्या पाण्यात जड डोक्याचा फ्लाय डुबकन पडला की बोनफिशचा अख्खा थवा उधळतो.

याची चिंता वाटण्याचे आणखी एक कारण आहे. फ्लोरिडात २०१३ पासून बोनफिश पकडून परत सोडणे बंधनकारक आहे. मी गळाची अडकही (टोकामागचा उलटा काटा) पक्कडीने दाबून सपाट करते, म्हणजे मासा कमीत कमी इजेने सुटतो. अशा माशाच्या तोंडात कच्चे रेझीन जावे, हे मला अजिबात मान्य नाही. म्हणून विचारते : मण्यांच्या सावलीत प्रकाश पोचवण्याची काही रीत आहे का, की तेथे दुसरा गोंद वापरावा? आणि अंगावरचा चिकटपणा म्हणजे थर कच्चा राहिल्याची खूण समजावी का?

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी मासेमारी करत नाही. पुण्यात दंतवैद्य आहे, आणि आपण वर्णन केलेल्या दोन्ही गोष्टी माझ्या रोजच्या कामातल्या आहेत, कारण दातात भरायचे कंपोझिट हेही प्रकाशाने घट्ट होणारे रेझीनच असते.

आधी चिकटपणाविषयी. प्रकाशामुळे रेझीनमध्ये जी साखळी-अभिक्रिया सुरू होते ती हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागापाशी अडवतो, म्हणून खालचा थर पूर्ण पक्का झाला तरी वर अगदी पातळ चिकट पापुद्रा उरू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने तो पुसा आणि मग नख दाबून पाहा. नख उमटले नाही तर थर पक्का आहे. उमटले तर खरोखरच कच्चा आहे, आणि तेव्हा थर जाड झाला किंवा टॉर्च दूर राहिला, असे समजावे. आम्ही भरणाच्या शेवटी ग्लिसरीनचा लेप देऊन त्याच्यावरून पुन्हा प्रकाश देतो. हवा अडली की पापुद्रा राहत नाही, आणि ग्लिसरीन पाण्याने धुऊन जाते. दोन थर एकावर एक द्यायचे असतील तर मात्र मधला पापुद्रा पुसू नका, त्यानेच पुढचा थर चांगला धरतो.

डोळ्यांखाली जे घडते ते सरळ सावलीचे काम आहे. धातूतून प्रकाश जात नाही, आणि गडद दोऱ्याच्या वेढ्यांतूनही फारसा जात नाही. तेथे वेळ वाढवून उपयोग नाही, दिशा बदलली पाहिजे. दाताभोवती धातूची पट्टी लावून भरण केले, की पट्टी काढल्यावर मी गालाच्या आणि जिभेच्या बाजूनेही प्रकाश देतो. आपणही फ्लाय फिरवून खालून, पुढून आणि दोन्ही कुशींकडून प्रकाश द्या, दोरा पांढरा घ्या, आणि रेझीन एकदम न घालता पातळ थरांत घाला. आम्ही एका वेळी सुमारे दोन मिलीमीटरपेक्षा जाड थर देत नाही. एवढे करूनही फटीत प्रकाश पोचणार नसेल, तर त्या फटीत प्रकाशावर अवलंबून असलेला गोंद घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन सूचना आग्रहाने करतो. कोणी दंतवैद्याचा जुना लाइट देऊ केला तर त्यावर विसंबू नका, तो साधारण ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा असतो आणि आपले रेझीन त्याला दाद देईलच असे नाही. आणि कच्चे रेझीन बोटांना लागू देऊ नका. त्यातील ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि लॅटेक्सच्या हातमोज्यांतून ते आरपार जाते. नायट्राइलचे हातमोजे वापरा आणि तेही ओले झाले की लगेच बदला.

धागाकर्तीचे उत्तर

डॉक्टर, मनापासून आभार. नखाची परीक्षा करून पाहिली. अंगाचा थर पक्का निघाला, म्हणजे इतके दिवस मी पापुद्र्यालाच कच्चेपणा समजत होते. डोळ्यांसाठी आता दोऱ्याच्या वेढ्यांत आधी पातळ सुपर ग्लूचा एक थेंब मुरवते, फ्लाय रात्रभर तसाच ठेवते आणि दुसऱ्या दिवशी वरून रेझीनचा पातळ थर देऊन चारी बाजूंनी प्रकाश देते. रात्रभर थांबण्याचे कारण असे, की सुपर ग्लूची वाफ टिन्सलवर पांढरट धुके सोडते आणि ते रेझीनखाली कायमचे कोंडले जाते. अशा रीतीने बांधलेले डोळे पक्कडीत धरून पिळले तरी फिरले नाहीत. पाण्यात काय होते ते पुढच्या भरतीला कळेल.

एक प्रश्न मात्र नवा निर्माण झाला आहे. काही फ्लायच्या अंगावर मी मार्करने तपकिरी पट्टे काढते, आणि अल्कोहोल लागताच ते पुसले जातात. पट्टे आधी काढून त्यांवर रेझीन दिले तर शाई त्यात पसरते. ग्लिसरीनच्या लेपाने अल्कोहोलची गरजच उरणार नाही, असे वाटते, परंतु पंख बांधण्यापूर्वी ते टिन्सलच्या कडेखालून पुरते धुऊन निघते की नाही याची खात्री नाही, कारण तेथे ओशटपणा राहिला तर वरचा दोरा घसरेल. रेझीनखाली न पसरणारी शाई कोणाच्या वापरात असेल तर कृपया कळवावे.