सीटीच्या चित्रातला धातूचा काळा पट्टा कसा घालवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शनचा (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या एक्स-रे मोजमापांवरून आतलं चित्र उभं करायची पद्धत) प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय, शेप-लोगन फँटमवर (डोक्याच्या छेदाचं ठरावीक चाचणी-चित्र). १८० कोनांतून चित्र छान येतं. ३० वर आणलं की रेघाच रेघा. ते समजलं, माहितीच अपुरी पडते.

अडलंय धातूपाशी. दाताच्या फिलिंगसारखे दोन ठिपके टाकले, किरणांत वेगवेगळ्या ऊर्जा धरल्या, तर दोघांच्या मधोमध काळा पट्टा उमटतो. कमी ऊर्जेचे किरण धातूत आधी शोषले जातात, उरतात ते जास्त ऊर्जेचे, म्हणून हे बीम हार्डनिंग. सायनोग्राममधला (सगळ्या कोनांची मोजमापं एकाखाली एक मांडलेलं चित्र) धातूचा माग कापून शेजारच्या आकड्यांनी भरला. पट्टा गेला, पण नव्या बारीक रेघा आल्या आणि कवटीची कड पुसट झाली. खऱ्या पेशंटचं नेमकं तिथलंच बघायचं असलं तर?

आधी हाड-मऊ भाग वेगळे करून अंदाजी चित्र बनवायचं, मूळ सायनोग्रामला त्याच्या सायनोग्रामने भागून मग भरायचं, असं वाचलंय. त्यात हाडाची सीमारेषा कुठे धरता? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.