नानांच्या मूत्राशयात २६ मिमीचा खडा: फक्त खडा काढायचा की प्रोस्टेटचंही ऑपरेशन करायचं?

संगमनेरची लेक

नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, वय ७१. गावी डाळिंब आणि थोडा ऊस आहे, ट्रॅक्टर अजून स्वतःच चालवतात. लघवीचा त्रास बरेच महिने होता, पण लेकीला काय सांगायचं म्हणून आईशीच बोलायचे. आईकडून कळलं ते असं: धार चालू असताना एकदम तुटते, जरा वाकलं किंवा आडवं झालं की परत सुरू होते. लघवी संपताना अगदी टोकाला आग होते आणि शेवटचे थेंब लालसर येतात. ट्रॅक्टरवर हादरे बसले की दुखणं वाढतं, रात्री पडून राहिलं की बरं वाटतं.

सोनोग्राफीत मूत्राशयात २६ मिमीचा खडा निघाला. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असते ती ग्रंथी, वाढून ५८ ग्रॅम. लघवी करून आल्यावरही आत १७० मिली शिल्लक. दोन्ही किडन्या चांगल्या आहेत, क्रिएटिनिन १.१.

एका डॉक्टरांनी सांगितलं की फक्त खडा फोडून काढू, दोन दिवसांत घरी. दुसऱ्यांनी खडा आणि प्रोस्टेट एकाच वेळी करायला सांगितलं. नाना म्हणतात प्रोस्टेटला हात लावायचा नाही, शेजारच्या एकाला नंतर म्हणे लघवीवर ताबाच राहिला नाही. त्यात चुलते रोज पानफुटीची पानं आणि कुळथाचं कढण आणून देतात. विरघळेल का हो खडा? आणि दोघांपैकी कोणाचं ऐकावं?

वैद्य, कऱ्हाड

ताई, पानफुटी आणि कुळीथ मी स्वतः रुग्णांना देतो, म्हणून मीच सांगतो. २६ मिमीचा खडा त्याने जाणार नाही. सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या, म्हणजे मुतखड्याच्या, चिकित्सेची सुरुवातच या निवाड्याने होते: खडा नवा असेल तर औषधाने बरा होतो, वाढलेला असेल तर छेद घ्यावा लागतो. त्या काळी तो छेद गुद आणि अंडकोश यांच्या मधल्या भागात, डाव्या बाजूला घेत. जोखीम इतकी मोठी होती की आधी राजाची परवानगी काढायला सांगितलं आहे. न करावं तर मरण नक्की, करावं तर जगण्याची खात्री नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आज त्याच आजाराला बहुतेक वेळा बाहेरून टाकाही पडत नाही. आयुर्वेदाचं नाव घेऊन कोणी नानांना थांबवून ठेवत असेल तर ते आयुर्वेदाला धरून नाही. चुलत्यांना दुखवू नका, कुळथाचं कढण जेवणात राहू द्या. पण ऑपरेशनची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

निवृत्त सिस्टर, मिरज

बाळा, माझी सगळी नोकरी युरॉलॉजीच्या थिएटरमध्ये गेली. नानांसारखी लक्षणं सांगणारे आजोबा मी पुष्कळ पाहिले. धार तुटणं म्हणजे खडा मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन बसणं. आडवं झालं की तो मागे घरंगळतो आणि वाट मोकळी होते. हादऱ्याने दुखणं वाढणं, शेवटी रक्त येणं, सगळं त्यातच आलं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या रिपोर्टमध्ये २६ या आकड्यापेक्षा १७० हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किडनीतला खडा आणि मूत्राशयातला खडा यांची कारणं वेगळी असतात. म्हातारपणी पुरुषांच्या मूत्राशयात खडा होतो तो बहुतेक वेळा लघवी पूर्ण बाहेर पडत नाही म्हणून. नाना शेतकरी आहेत, त्यांना असं सांग: शेततळ्याचं पाणी कधीच पूर्ण उपसलं नाही तर तळाशी गाळ बसणारच. वाढलेल्या प्रोस्टेटने वाट आवळली आहे, उरलेल्या लघवीत क्षार साचतात, त्याचे कण होतात, कणावर थर चढत जातात. किडनीतून एखादा बारीक खडा खाली आला तरी मोकळ्या वाटेने तो निघून जातो. इथे तो अडकतो आणि वाढतो. त्यात जंतुसंसर्ग झाला की वाढ आणखी जोरात.

म्हणून फक्त खडा काढला तर आजची आग थांबेल, पण १७० मिली तिथेच राहील. पूर्वी मूत्राशयात खडा दिसला की प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलेलंच असायचं. आता काही रुग्णांत खडा काढून टॅमसुलोसिनसारख्या, लघवीची वाट सैल करणाऱ्या गोळ्यांवर ठेवतात आणि शिल्लक लघवी मोजत राहतात. पहिल्या डॉक्टरांच्या मनात तसं असेल तर तोही एक रस्ता आहे, पण त्यांनी तो तोंडाने सांगायला हवा. त्यांना सरळ विचार: “डॉक्टर, खडा काढल्यावर लघवी मागे उरू नये म्हणून काय करणार?” याचं उत्तर नसेल तर मी तिथे ऑपरेशन करणार नाही. युरोफ्लो केली आहे का तेही बघ, म्हणजे यंत्रावर लघवी करून धारेचा जोर मोजतात. मधुमेह जुना असेल किंवा पाठीच्या मणक्याचा आजार असेल तर मूत्राशयाचा स्नायूच दमलेला असू शकतो. मग प्रोस्टेट काढूनही लघवी उरते, म्हणून आधी आणखी एक तपासणी लागते.

ऑपरेशन कसं करतात ते नानांना समजावून सांग, निम्मी भीती तिथेच जाते. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत जाते. लेसरने किंवा हवेच्या दाबाच्या यंत्राने खडा फोडतात, त्या यंत्राचा टकटक आवाज येतो, पेशंट जागे असतात आणि विचारतात, “फुटला का?” तुकडे पाण्याच्या झोताने धुऊन बाहेर काढतात. मग त्याच दुर्बिणीतून प्रोस्टेटचा आतला, वाट अडवणारा भाग खरवडतात किंवा लेसरने सोडवतात. खडा फारच मोठा असला किंवा पेशंट लहान मूल असलं तर बेंबीखाली बारीक भोक पाडून काढतात. पोट उघडून काढायची वेळ आता क्वचित येते. २६ मिमी बहुतेक वेळा खालून निघतो.

काढलेले तुकडे तपासायला पाठवा म्हणून आधीच सांगून ठेव. पिवळट-तपकिरी निघाले तर बहुधा युरिक ॲसिडचे, पांढरट आणि ठिसूळ असले तर संसर्गाचे, पण खात्री तपासणीतूनच होते. पुढचं पथ्यपाणी त्यावर ठरतं.

ताबा जाण्याची भीती खोटी नाही, पण ज्या झडपेवर ताबा असतो ती प्रोस्टेटच्या खाली असते आणि सर्जन तिला सांभाळूनच काम करतो. पहिले काही आठवडे घाई होते, थोडी गळते, मग कमी होत जाते. कायमचं गळणं फार थोड्यांना. दुसरी एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगत नाहीत: वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने अपाय नाही, पण माणसाला आधी ठाऊक असावं. तुला बोलता येणार नाही, तेव्हा जावयाला किंवा भावाला नानांजवळ बसव.

बार्शीचे काका

सिस्टर म्हणतात ते खरं आहे, मी स्वतःवरून सांगतो. माझा खडा एका खाजगी दवाखान्यात काढला, तेव्हा शिल्लक लघवी कोणी मोजलीच नाही. खडा हातात दिला, आनंदाने घरी आलो. दोनेक वर्षांत परत तेच, टोकाला आग आणि धार तुटणं. दुसऱ्या वेळी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी खडा आणि प्रोस्टेट एकत्र केलं. आता रात्री एकदा उठतो. एसटीने पंढरपूरला जाताना वाटेत गाडी थांबवा म्हणावं लागत नाही. नानांना माझं नाव सांगा, फोनवर बोलतो म्हणावं.

खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया त्या योजनेत आहेत. तुमच्या नानांना जी सांगितली ती बसते का, हे दाखल होण्याआधी तिथेच विचारून घ्या.

संगमनेरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. वैद्यबुवांचं उत्तर चुलत्यांना वाचून दाखवलं, ते ऐकून गप्प बसले. नाना काकांशी बोलायला तयार आहेत. सिस्टर, एक राहिलं. नानांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ होण्याच्या दोन गोळ्या चालू आहेत. लघवीत रक्त दिसतं म्हणून त्या बंद कराव्यात का? आणि ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत काय सांभाळू?

निवृत्त सिस्टर, मिरज

गोळ्या आपल्या मनाने एकही दिवस बंद करायच्या नाहीत. अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, बंद पडू शकतो. हृदयाचे डॉक्टर आणि युरॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांशी बोलायला लाव. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे ते ठरवतील. अँजिओप्लास्टीचं कार्ड फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेव. अशा पेशंटला लेसरने रक्तस्राव कमी होतो, म्हणून ते विचारून घे.

लघवीचं कल्चर आत्ताच कर. जंतू निघाले तर आधी औषध, मगच ऑपरेशन. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, एकदम तांब्याभर नाही. सर्दीच्या गोळ्या दुकानातून आणून द्यायच्या नाहीत, त्यातल्या काहींनी लघवी पूर्ण अडते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नको. ट्रॅक्टर सध्या दुसऱ्याला चालवू दे.

लघवी पूर्ण बंद झाली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. तिथे नळी घालून मूत्राशय मोकळं करतात.

ऑपरेशननंतर तीन तोंडांची नळी असेल आणि सलाइनने आत धुणं चालू असेल. पिशवीतलं पाणी गुलाबी दिसलं तर घाबरू नका. गडद लाल झालं, गाठी आल्या किंवा नळी वाहायची थांबली की लगेच ड्यूटीवरच्या सिस्टरला हाक मारा. घरी गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात खपली सुटताना परत थोडं रक्त दिसू शकतं. पाणी वाढवलं की बहुधा थांबतं, नाही थांबलं तर फोन करायचा. महिनाभर ओझं उचलायचं नाही, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही. आणि पुढच्या भेटीत लघवीनंतर किती उरते ते परत मोजून घे, तो आकडा मला इथे कळव.