फ्रिजच्या पाठीवरचे मोजे

काल फ्रिज सरकवून झाडत होते, हात कडेला लागला तर पत्रा गरम. एकदम लालबागची खोली आठवली. दहा बाय बारा, दोरीवर जागा नाही, जुलैत कपडे चार-चार दिवस ओले. आई शाळेचे मोजे फ्रिजमागच्या काळ्या जाळीवर टाकायची. सकाळी खडखडीत, वर किंचित खरपूस वास. काडेपेटीही तिथेच, फ्रिजच्या डोक्यावर मागच्या कडेला, म्हणून सादळायची नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं फ्रिज हे गरम करायचंच यंत्र, आत थंड होतं ते आपलं असंच. आता जाळी बाजूच्या पत्र्याआड गेली, मोजे कुठे टाकणार! तुमच्याकडची कोणती यंत्रं अशा भलत्याच पण साध्या कामाला लागली? लिहा.

कुर्लेकर: मोजे!! 😂 आमच्याकडे पापड

विळीवाली: नारळाचं भकल रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी दहा मिनिटं ओट्यावर, मग बोथट सुरी कडेने फिरवायची, अख्खी वाटी करवंटीतून टुपकन बाहेर. वर पातळ तपकिरी साल राहते, ती सोलाण्याने काढा. बावीस वर्षं बोटं कापून घेतल्यावर अक्कल आली. सासूबाईंना दाखवलं तर म्हणतात, मग आता खवणी भंगारात देऊ का?

पार्लेकर: आमचा ओव्हन म्हणजे कढयांचं कपाट

उशिरा_उठणारी: @पार्लेकर माझापण! पण पावसाळ्यात इडलीचं पीठ आत ठेवून नुसता दिवा लावते, सकाळी टोप भरून वर. गेल्या रविवारी लेकाने न बघता पिझ्झासाठी ओव्हन चालू केला. टोपाचं झाकण प्लास्टिकचं होतं. पुढचं विचारू नका

वायरमन_काका: मोजे घट्ट पिळून टाकायचे हं, ओल ठिबकली तर शॉक. जाळी झाकली की उष्णता कोंडते, कॉम्प्रेसर जास्त चालतो, बिल वाढतं.

धागाकर्ती: काका, तो फ्रिज 24 वर्षं चालला 🙏

डोंबिवली_फास्ट: गाडीत आहे, पटकन लिहिते. वरणभात काढल्यावर कुकरच्या तळाचं गरम पाणी ओतून देऊ नका, तुपाच्या भांड्यांवर टाका. ठाणे आलं

जुनापुराणा: मिक्सरचं कुणी काढलंच नाही! सुमीत मुंबईचाच, 1963 चा. एका इंजिनिअरच्या बायकोचा परदेशी मिक्सर बंद पडला, त्यातून झाला म्हणे सगळा खटाटोप. आमच्या आईने त्यात पहिल्याच दिवशी लोणी काढलं. साय, बर्फाचे दोन खडे, थांबत थांबत फिरवायचं. रवी खुंटीला गेली ती गेलीच.

विळीवाली: जुन्या फ्रिजना कुलूप असायचं ना? आजीच्या कमरेला किल्ली. आत काय, तर आंबे

कुर्लेकर: आमच्यात अजून असतं, फक्त कुलूप नाही, आई असते

लालबागचा_मी: ताई, लालबागला कुठे?

धागाकर्ती: चिवडा गल्लीच्या तोंडाशी

लालबागचा_मी: मग मोज्यांना खरपूस वास जाळीचा नव्हता