मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनचा क्लेम जेमतेम पाव हिस्सा मंजूर, व्हाउचरवर सही करू का? आणि पुढची पॉलिसी कुठली घेऊ?

वाटसरू७२ (धागाकर्ता)

मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे.

भंडारदऱ्याला मुक्कामी असताना रात्री वादळी वाऱ्यात झाडाची मोठी फांदी थेट व्हॅनच्या टपावर पडली. टप दबला, पत्रा एका ठिकाणी फाटला, दोन्ही सोलर पॅनेल फुटले, बाजूची छत्री (ऑनिंग) फाटली. पहाटेपर्यंत पाणी आत गळत होतं, त्यात कपाटं फुगली आणि इन्व्हर्टर गेला. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

गॅरेजचं एस्टिमेट ४,६०,०००. कंपनीने मंजूर केलेत १,१२,०००. बाकी सगळं "पॉलिसीत बसत नाही". आता रोज फोन येतो, व्हाउचरवर (रक्कम मान्य असल्याच्या कागदावर) सही करा की लगेच पैसे सोडतो. गॅरेजवाला म्हणतो काम सुरू करायचं की नाही ते सांगा, नाहीतर जागेचं भाडं लावतो.

१) सही करू का?
२) पुढच्या महिन्यात पॉलिसी संपते आहे. कॅम्पर व्हॅनसाठी चांगली कंपनी कोणती?

ज्यांनी स्वतः क्लेम घेतला आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

स्पॅनर

झिरो डेप (जुनेपणापोटी घसारा न कापण्याचं जादा कव्हर) होतं का? नसेल तर असंच होणार. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर सरळ ५० टक्के घसारा कापतात, फायबरवर ३० टक्के. मी कुठलीही गाडी झिरो डेपशिवाय रस्त्यावर काढत नाही. पुढच्या वेळी पहिलं तेच घ्या.

सविता_म

गाडी कुठली, किती वर्षांची? आरसीवर बॉडी टाइप काय लिहिला आहे? पॉलिसी प्रायव्हेट की कमर्शियल? आयडीव्ही (गाडीची विमा रक्कम) किती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वाटसरू७२

आरसी वगैरे सगळं क्लीअर आहे हो. ट्रॅव्हलर आहे, मागून कन्व्हर्ट केलेली. बेड, ओटा, फ्रिज, सोलर सगळं आहे. वाद आरसीचा नाहीच. सही करायची की नाही एवढंच विचारतोय.

जुना_सर्व्हेअर

साहेब, "क्लीअर" म्हणजे काय ते कळू द्या. या क्लेमची सगळी गाठ तिथेच असणार. मी बरीच वर्षं मोटर सर्व्हे (क्लेममधल्या गाड्यांच्या नुकसानीची पाहणी) केले आहेत. पॉलिसीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी बघा आणि इथे जशाच्या तशा लिहा: वाहनाचा वर्ग, आसनसंख्या, आणि आयडीव्हीचा तक्ता. त्या तक्त्यात गाडीच्या रकमेशेजारी "इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज" आणि "नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज" असे दोन रकाने असतात. त्यांत आकडे आहेत की शून्य?

सही आत्ता करू नका. एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

नानाकाका

मुळात फांदी पडणं हा अपघात धरतात का? दैवी आपत्तीत मोडतं ना हे?

जुना_सर्व्हेअर

नानाकाका, वादळ पॉलिसीत नाव घेऊन दिलेलं आहे, आणि बाहेरून आघात होऊन झालेलं नुकसानही. दोन्हीकडून बसतं. त्याबद्दल कंपनीही वाद घालत नसावी.

वाटसरू७२

पॉलिसी काढून बघितली. वर्ग: प्रवासी वाहन, कमर्शियल पॅकेज. आसनं १३+१. आयडीव्ही ९,५०,०००. दोन्ही रकान्यांत शून्य.

पण आरसीवर कॅम्पर व्हॅन, खासगी वापर, ४ आसनं असं स्वच्छ आहे. आरटीओची परवानगी घेऊन काम केलं होतं, पांढरी पाटी आहे. एजंटला आरसीची नवी प्रत दिली होती, त्याने नूतनीकरण जुन्याच माहितीवर केलं. गाडीला चौथं वर्ष चालू आहे.

सविता_म

हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!

स्पॅनर

कमर्शियल पॅसेंजर पॉलिसी असेल तर झिरो डेप सगळ्याच कंपन्या देत नाहीत. म्हणजे प्रायव्हेट करून घ्या आणि मग झिरो डेप घ्या. माझा मुद्दा कायम आहे.

जुना_सर्व्हेअर

स्पॅनर, यात झिरो डेपचा काही उपयोग नव्हता. घसारा लागतो तो पॉलिसीत असलेल्या वस्तूला. सोलर, फ्रिज, इन्व्हर्टर, फर्निचर हे मुळात पॉलिसीत नोंदलेलंच नाही, तर घसारा माफ करून काय मिळणार?

धागाकर्ते, आता चित्र स्पष्ट होतंय. कंपनीने तीन वेगवेगळ्या कारणांनी पैसे कापले असणार आणि ती तीन कारणं वेगवेगळी लढायची आहेत. एकत्र "अन्याय झाला" म्हणून लिहिलंत तर एकत्रच फेटाळतील.

पहिलं, टपाचा पत्रा. तो मिळालाच आहे, तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांना २५ टक्के घसारा लागतो, तो कापून.

दुसरं, रंग, दिवे, बंपर. बस-ट्रकच्या कमर्शियल पॉलिसीत हे भाग आयएमटी २३ हे जादा कलम घेतल्याशिवाय, गाडी पूर्ण निकामी झाली तरच मिळतात. तुमच्याकडे ते कलम नसेल तर रंगाचे सगळे पैसे तिथे गेले. खासगी पॉलिसीत ही अट नाही. वर्ग चुकल्याचा थेट फटका इथे बसला आहे.

तिसरं, आतलं सामान आणि सोलर. हे सगळ्यांत अवघड.

एक विचारायचं राहिलं: मागचं नूतनीकरण वेळेत झालं होतं की मध्ये खंड पडला होता?

मुक्काम_पोस्ट

अवांतर: भंडारदऱ्याला नेमकी कुठे लावली होती गाडी? धरणाच्या बॅकवॉटरला झाडांखाली जागा छान आहेत, पण जूनच्या तोंडाला तिथे वारा भयंकर असतो. मी मे संपला की उघड्या माळावरच लावतो. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या अशा जागा तालुक्यातालुक्यात झाल्या तर झाडाखाली उभं राहायची वेळच येणार नाही.

गिरीमित्र

@मुक्काम_पोस्ट, माळावर लावली तर उन्हात आत भट्टी होते. आम्ही टपाला आतून इन्सुलेशन केलं आहे, फोटो टाकू का?

सविता_म

इन्सुलेशनसाठी वेगळा धागा काढा ना. माणूस अडचणीत आहे.

वाटसरू७२

@जुना_सर्व्हेअर, हो, थोडा खंड पडला होता. मी परगावी होतो. कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी बघून गेला, मग पॉलिसी दिली. त्याचा इथे काय संबंध?

जुना_सर्व्हेअर

फार मोठा संबंध आहे. खंड पडला की कंपनी तपासणी करून मगच पॉलिसी देते. त्या तपासणीचे फोटो असतात: चारी बाजू, टप, चेसिस नंबर, डॅशबोर्ड, आणि बहुतेक वेळा आतली बाजूही. त्याने दार उघडून आतले फोटो काढले असतील तर बेड, ओटा, फ्रिज कंपनीच्या डोळ्यांसमोर होते. १३ आसनं नाहीत हे दिसत असताना कंपनीने १३ आसनांचा प्रीमियम घेतला. मग आता "आम्हाला फेरफार माहीतच नव्हता" असं म्हणायला जागा उरत नाही.

शिवाय प्रवासी वाहनाचा थर्ड पार्टी प्रीमियम दर आसनामागे वाढतो. म्हणजे तुम्ही खासगी वाहनापेक्षा जास्तच पैसे भरलेत. माहिती लपवून फायदा उपटला, हा आरोप टिकत नाही.

आज एक ईमेल करा. दोनच मागण्या: सर्व्हे रिपोर्टची प्रत, आणि पॉलिसीपूर्व तपासणीचा रिपोर्ट फोटोंसकट. फोनवर काहीही बोलू नका.

नानाकाका

आतमध्ये स्वयंपाकाचा गॅस आहे का? गॅस किटची नोंद नसेल तर सगळाच क्लेम उडवतात, माझ्या मेहुण्याचा असाच उडवला.

स्पॅनर

काका, ते इंजिन गॅसवर चालवायचं किट. आयएमटी २५ त्यासाठी आहे. ओट्याखालच्या सिलिंडरचा त्याच्याशी संबंध नाही. आणि इथे आग लागलेलीच नाही.

नानाकाका

सिलिंडर तो सिलिंडरच. सांभाळून असावं म्हणून सांगितलं.

वकील_बाई

सहीबद्दल जवळपास सगळे गप्प आहेत, तो खरा प्रश्न होता, म्हणून लिहिते.

विमा नियामकाचं २४ सप्टेंबर २०१५ चं परिपत्रक आहे. व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त भरपाईसाठी न्यायालयात किंवा आयोगाकडे जाण्याचा पॉलिसीधारकाचा हक्क जात नाही, असं त्यात आहे. तरीही "पूर्ण आणि अंतिम" असं छापलेल्या कागदावर मुकाट्याने सही करू नका. सहीशेजारी हाताने लिहा: "वादग्रस्त नसलेली रक्कम म्हणून, उर्वरित मागणीचा हक्क राखून, निषेधासह स्वीकारली." कंपनीने तसा कागद घ्यायला नकार दिला तर तेच वाक्य ईमेलने पाठवा. पुढे नकाराचा पुरावा म्हणून तो ईमेलच उपयोगी पडतो.

त्यानंतर सरळ जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर (म्हणजे भरलेल्या प्रीमियमवर) फी नाही, मुदत दोन वर्षं. मानसिक त्रास आणि खर्चही मागता येतो.

नानाकाका

आयोगात तारखांवर तारखा पडतात. विमा लोकपालाकडे जा, पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की लोकपालाकडे, वर्षाच्या आत. मी आरोग्य विम्याचे पैसे असेच मिळवले.

वकील_बाई

आरोग्य विम्याची गोष्ट वेगळी, काका. इथे फोटो, आरसी, एजंटचा पत्रव्यवहार असं बरंच पुराव्याचं काम आहे. आयोगासमोर ते नीट मांडता येतं.

नानाकाका

लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. नाही पटला तर आयोग आहेच. उलटं मात्र जमत नाही, आयोगात केस चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. मग आधी बिनखर्ची दार का ठोठावू नये?

वकील_बाई

हा क्रम मान्य. फक्त दोन वर्षांची मुदत डोक्यात ठेवून.

गिरीमित्र

सर्व्हेअरला किती दिवस लागले? विमा नियामकाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा आणि रिपोर्ट १५ दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर त्याचीही तक्रार करा.

वाटसरू७२

उशीर झालेला नाही हो, पैसे कमी दिलेत!

ईमेल केला होता, सर्व्हे रिपोर्ट आला आहे. इन्व्हर्टरपुढे "इलेक्ट्रिकल बिघाड" आणि कपाटांपुढे "जुनी गळती, झीज" असं लिहिलंय. जुनी गळती कुठून आणली यांनी? मागच्या पावसाळ्यात आत थेंब नव्हता. गॅरेजवाला उद्या कपाटं उखडून फेकतो म्हणतो.

जुना_सर्व्हेअर

थांबवा त्याला! कपाटं हाच तुमचा पुरावा आहे.

जुनी गळती ओळखणं सोपं असतं. प्लायच्या कडेला काळपट रेघ चढलेली असते, एकात एक डाग दिसतात, सनमायका सुटलेला असतो आणि स्क्रूच्या डोक्यावर गंज असतो. एका रात्रीच्या पाण्याने प्लाय फुगतो, पापुद्रे सुटतात, पण स्क्रू चकचकीत राहतो. दोन-चार स्क्रू काढून प्लायला टेकवून फोटो घ्या. बिजागऱ्यांचे घ्या. टपाच्या फाटलेल्या जागेपासून कपाटापर्यंत पाणी कसं उतरलं ते दिसेल असा एक सलग व्हिडिओ घ्या. मग कंपनीला लेखी कळवा की अमुक तारखेला सुटे भाग काढणार आहोत, फेरतपासणीला माणूस पाठवायचा तर पाठवा. आला नाही तरी काढलेले भाग झाकून ठेवा, टाकू नका.

इन्व्हर्टरचंही तेच. आपोआप जळला तर तो बिघाड, पॉलिसीत नाही. टप फाटून आलेल्या पाण्याने जळला तर ते अपघाताचंच नुकसान. मात्र खरं सांगतो, ॲक्सेसरीचा रकाना शून्य असल्यामुळे फ्रिज, सोलर, इन्व्हर्टर यांचे पूर्ण पैसे मिळतील असं मला वाटत नाही. रंग आणि टपाच्या कामासाठी तुमची बाजू भक्कम आहे. बसवलेल्या फर्निचरसाठी तपासणीच्या फोटोंवर सगळं अवलंबून.

सविता_म

आणि दुसरा प्रश्न, पुढच्या पॉलिसीचा? आमच्याकडेही कन्व्हर्टेड गाडी आहे, मलाही हवं आहे.

मुक्काम_पोस्ट

सरकारी कंपनी घ्या, डोळे मिटून.

स्पॅनर

अजिबात नको. खासगी कंपन्या गॅरेजशी कॅशलेस जमवतात.

जुना_सर्व्हेअर

कन्व्हर्टेड गाडीला कॅशलेस फार कमी ठिकाणी मिळतं, कारण सुतारकाम कंपनीच्या गॅरेजात होत नाही. त्या निकषावर कंपनी निवडू नका.

कोटेशन मागतानाच आरसी आणि फेरफाराची बिलं जोडा. विजेवर चालणाऱ्या वस्तूंची एक यादी (सोलर, बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज) आणि बाकीची दुसरी (बेड, ओटा, ऑनिंग). पहिली यादी आयएमटी २४ या जादा कलमाखाली जाते. जुन्या दरपत्रकात तिला किमतीच्या ४ टक्के दर होता, म्हणजे २,००,००० च्या सामानाला ८,००० अधिक जीएसटी. दुसरीची किंमत गाडीच्या विमा रकमेत मिळवतात. जी कंपनी या दोन्ही रकान्यांत आकडे छापून द्यायला तयार असेल ती घ्या. "साहेब, होतं कव्हर, काळजी नको" असं तोंडी सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि गाडी कधी भाड्याने देणार असाल तर खासगी पॉलिसी चालणार नाही. मोटर कॅराव्हॅन म्हणून व्यावसायिक नोंदणी लागेल, पाटी पिवळी लागेल. पैसे घेऊन मित्रालाही देऊ नका.

वाटसरू७२

भाड्याने देत नाही, फक्त घरचेच फिरतो.

गॅरेजवाल्याला थांबवलं. स्क्रू काढून बघितले, एकावरही गंज नाही. फोटो, व्हिडिओ घेतले. फेरतपासणीचा ईमेल गेला. तपासणी रिपोर्ट अजून देत नाहीत, "अंतर्गत कागद आहे" म्हणतात.

वकील_बाई

ते उत्तर लेखी घ्या. तक्रार अधिकाऱ्याला लिहिताना तोच पहिला मुद्दा करा: ज्या तपासणीवर पॉलिसी दिली, तिचा रिपोर्ट मागूनही नाकारला. सोबत विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, म्हणजे नंबर पडतो. मसुदा केलात की व्यनि (खासगी निरोप) करा, बघून देते.

पहिला_गिअर

नमस्कार, माझा गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर आहे. त्याला वेगळा विमा लागतो का, की गाडीच्याच पॉलिसीत चालतो? गाडी २०१९ ची आहे.

सविता_म

ट्रेलरची आरसी वेगळी आहे का?