रातपाळीत मध्यरात्रीचं ताट बंद करावं का?

शॉपफ्लोअर
चाकणला आमची पाळी दर आठवड्याला फिरते, त्यात रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही की डबल, सलग दोन पाळ्या. थर्ड शिफ्टला कँटीनमध्ये रात्री दीडला पूर्ण जेवण: चपात्या, रस्सा, भात, वर गोड. माझं मत स्पष्ट आहे, हे ताट बंद करा. घरून भाकरी, उसळ, दोन अंडी खाऊन निघा. रात्री ताक आणि मूठभर फुटाणे पुरे. रात्री शरीराचं घड्याळ झोपेच्या वेळेवर असतं, साखर नीट पचत नाही. बोस्टनमध्ये १९ जणांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रातपाळीसारखं जागवून रात्री जेवू घातलेल्यांची रक्तातली सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवलेल्यांची वाढली नाही.

लोडिंगबे
त्या १९ जणांनी रात्रभर क्रेट उचलले नव्हते. फुटाण्यांवर पहाटे चारपर्यंत काढून बघा, मग मशीनचा गोड चहा आणि बिस्किटांचा पुडा कोणी थांबवू शकत नाही. आमच्याकडची पोरं कॉट बेसिसवर राहतात, खोलीत गॅस नाही. कित्येकांचं दिवसातलं धड जेवण तेवढंच. अडीचशेहून जास्त कामगार असले की कँटीनची सक्ती करता येत होती, हे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये होतं. मिळालेली सोय आपणच नको कशाला म्हणायची? ताट बदला म्हणा, मी सोबत आहे.

शॉपफ्लोअर
काय बदलणार? कंत्राटदाराला भात स्वस्त पडतो.

लोडिंगबे
गोड काढून त्या पैशात अंडं किंवा वाटीभर मटकी. आणि वेळ साडेअकराची करा. कँटीन कमिटीत हे मांडता येतं.

वॉर्डसिस्टर
दोघांनाही एक सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी इथलं वाचून रात्रीचं जेवण तोडू नये, साखर एकदम उतरते. आधी डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे दोन नाइट, मग ऑफ, मग सकाळची ड्युटी, त्यामुळे ठरलेली जेवणवेळ जमतच नाही. मी अडीचनंतर चहा घेत नाही. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचएक तास लागतात, मग सकाळी डोळा लागणार कसा? घरी आल्यावर थोडे पोहे किंवा दूध-केळं, नाहीतर भुकेने अकरालाच जाग येते.

तालीमवाला
व्यायामाचं कोणीच बोललं नाही. नाइट सुटली की थेट जिम गाठा. घरी गेलात की पोरं, बाजार, पाहुणे. संध्याकाळ हाताला लागत नाही.

वॉर्डसिस्टर
रात्रभर जागलेल्या माणसाने खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट मारू नयेत. तोल आणि लक्ष, दोन्ही ठिकाणावर नसतं. त्यात वर बाइक चालवत घरी जायचं. आधी झोपा, उठल्यावर चार-पाचला अर्धा तास जोर-बैठका आणि दोरी, तेवढंही चालतं. डबल पडली त्या दिवशी व्यायाम सोडून द्या.

तालीमवाला
सोडला की आठवडा सुटतो, ताई. जड बार नको, मान्य. पण हलकी वीस मिनिटं सकाळीच, यावर मी ठाम आहे.

शॉपफ्लोअर
साडेअकराची वेळ आणि मटकी, दोन्ही मी कमिटीत मांडतो. भात मात्र रात्री नकोच.

लोडिंगबे
भात अर्धी वाटी राहू द्या. लोडिंगवाल्यांना विचारल्याशिवाय तो काढायचा नाही.