नदीपात्रातला ढोल आणि आमची चिंगी

पटवर्धनबाग:
नमस्कार मंडळी. आम्ही म्हात्रे पुलाजवळ राहतो, मागच्या खिडक्या नदीकडे. चिंगी नऊ वर्षांची, साडेसहा किलोची. आई पॉमेरेनियन, बाप कर्वेनगरच्या एका गल्लीतला. शेपूट आईची, कान बापाचे, आणि स्वभाव इतका लाघवी की दूधवाल्यापासून वॉचमनकाकांपर्यंत सगळे तिचेच.

नदीपात्रात गणपतीच्या ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी पहिला टोल पडला की ही मोरीत जाऊन बसते. अंग थरथरतं, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, सारखी ओठांवरून जीभ फिरवते. पोळीचा तुकडासुद्धा तोंडात घेत नाही, आणि तिला पोळी म्हणजे जीव की प्राण. आवाजाला आधीही घाबरायची, पण यंदा फारच.

सासूबाई म्हणतात, अशा वेळी जवळ घेऊ नकोस, लाडानं भीती वाढते. शेजारच्या काकू त्यांची झोपेची अर्धी गोळी द्यायला निघाल्या होत्या, ती मी घेतली नाही. ढोल बंद व्हावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझी भाची स्वतः पथकात आहे आणि तिला वाजवताना बघून मला भरून येतं. पण अनंत चतुर्दशीपर्यंत या जिवानं रोज असं थरथरत बसायचं का? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा.

टेकडीवर_रोज:
ताई, आधी तिला जवळ घ्या. बिनधास्त घ्या. भीती ही काही युक्ती नाही, की शाबासकी दिली म्हणून पुन्हा करून दाखवेल. आमचा बंड्या फटाक्यांत माझ्या मांडीला पाठ टेकून बसतो, मी फक्त हात ठेवतो, सावकाश. ती येत असेल तर घ्या, लांब राहायचं असेल तर ओढू नका.

मोरीतून बाहेर काढू नका. जागा तिनं बरोबर निवडली आहे. ढोलाचा घुमारा खिडकी लावूनही आत येतो, भिंतीतून, फरशीतून. बाहेरची भिंत नसलेली खोली त्यातल्या त्यात शांत. तिथं जाड सतरंजी घाला, दार उघडं ठेवा, पंखा मोठ्यावर करा. जेवण आणि फिरणं सराव सुरू व्हायच्या आत उरका.

आणि एक कळकळीनं सांगतो: या दिवसांत गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच, आणि बाहेर नेताना हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा. घाबरलेलं लहान कुत्रं मान आत घेऊन पट्ट्यातून सुटतं आणि वाट फुटेल तिकडं पळतं. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी काय होईल याचा विचारही करवत नाही.

सहकारनगर_२:
वरच्याशी सहमत. भर म्हणून: ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावायचं आणि त्याच वेळी पनीरचे तुकडे द्यायचे. कान टवकारेल पण खात राहील, इतकाच आवाज. काही आठवड्यांनी थोडा वाढवायचा. मात्र हे आत्ता नको. खिडकीबाहेर खरा ढोल असताना शिकवणी होत नाही. गणपती झाले की सुरू करा, आणि दिवाळीचा आठवडा वगळा.

नळस्टॉप_पशुवैद्यक:
गोळी घेतली नाहीत हे फार चांगलं केलंत. आवाजाच्या भीतीवर कुत्र्यांना औषधं देतात, ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन वगैरे, पण वजन, हृदय, मूत्रपिंड बघून, आणि आवाज सुरू व्हायच्या एक-दोन तास आधी. थरकाप सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. नुसतं सुस्त करणारं औषध मागू नका. त्यानं शरीर निपचित पडतं, भीती आत तशीच राहते.

मला वेगळीच शंका येते. तुम्ही लिहिलंय, यंदा फारच. मोठ्या वयात आवाजाची भीती एकदम वाढली की दुखणं शोधावं. दचकलं की स्नायू आखडतात, दुखरा सांधा कळवळतो, आणि कुत्रं ती कळ त्या आवाजाशी जोडतं. लहान चणीच्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकणं सर्रास दिसतं. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालते आणि मग काही झालंच नाही अशी चालते, असं होतं का? आणि ती गाढ झोपलेली असताना एका मिनिटातले श्वास मोजा. सतत तीसच्या वर असतील तर हृदय तपासून घ्या, या वयाच्या छोट्या कुत्र्यांत झडप निकामी होऊ लागते.

तोवर घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नको. पहिल्यानं यकृत आणि रक्त बिघडतं, दुसऱ्यानं पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

पटवर्धनबाग:
डॉक्टर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. जिना उतरताना ती मागचा डावा पाय अगदी असाच उचलते.

काल दाखवून आणलं. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सरकतात, डावी जास्त. डॉक्टरांनी माझं बोट तिथं ठेवून दाखवलं, वाटी टक्कन बाजूला जाते आणि परत येते. हृदय ठीक आहे, झोपेतले श्वास वीसच्या आसपास. वेदनाशामक सुरू केलंय, सरावाआधी द्यायची गोळी वेगळी दिली आहे, आणि वजन साडेपाचवर आणायला सांगितलंय. म्हणजे पोळी बंद. सासूबाईंना हे सांगणं जड गेलं, पण चिंगीचा गुडघा त्यांनी स्वतः हात लावून पाहिला आणि आता त्याच तिला उचलून जिना उतरवतात.

भाचीनं पथकाच्या सरावाच्या वेळा पाठवल्यात, त्यावरून गोळीची वेळ ठरते. मोरीत अजूनही जाते, सतरंजीवर बसते. पण आज ढोल चालू असताना तिनं माझ्या हातून उकडलेल्या भोपळ्याची फोड खाल्ली.

@सहकारनगर_२, रेकॉर्डिंग मोबाइलवरचं चालेल का? त्यात ढोलाचा घुमारा येतच नाही, नुसता ताशा ऐकू येतो.

सहकारनगर_२:
मोबाइलवर नको, मोठ्या स्पीकरवर लावा. स्पीकर जमिनीवर ठेवा, म्हणजे फरशीतून घुमारा जाणवेल. आवाज मात्र सुरुवातीला इतका कमी, की तुम्हाला नीट कान द्यावा लागेल.